वणव्याची तोटी

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी राधानगरीच्या वरच्या डोंगरावर वणवा लागला आणि आमच्या मालकांच्या आक्काचा गोठा जळाला. आत दोन म्हशी होत्या. संध्याकाळी मालक डोंगरावरून परत आले, दुकानाचं शटर ओढलं आणि हात न धुता जेवायला बसले.

मालक म्हणजे माझे घरमालक. शाहूपुरीत त्यांचं शेतीच्या पाइपांचं आणि तुषार संचांचं दुकान होतं. दुकानाच्या मागे ते आणि वहिनी राहायचे, वरच्या दोन खोल्यांत मी. मी एका ग्रंथालयात कामाला होते, अजूनही आहे. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं गाव, जात, पगार यातलं काही विचारलं नाही. "सामान काय हाय?" एवढंच विचारलं. पुस्तकं आहेत म्हटल्यावर त्यांनी पिशवीतलं एक पुस्तक काढलं, उघडलं नाही, नुसतं अंगठ्यानं पानांची कड चाचपली आणि म्हणाले, "वाळल्यात. पुस्तक म्हंजे पिंजरच की बाई. आक्काकडं म्हशीचं, तुमच्याकडं माणसाचं. स्टो खिडकीकडं ठेवायचा, पुस्तकं आतल्या भिंतीला." पिंजर म्हणजे भाताचं वाळलं काड, जनावरांची वैरण.

हे गोठा जळण्याच्या आधीचं आहे. म्हणजे आगीचं वेड त्यांना त्या मंगळवारी लागलं असं म्हणता येणार नाही. लहानपण डोंगरात गेलेलं. दर उन्हाळ्यात समोरचा डोंगर रात्रभर माळ घातल्यासारखा पेटलेला बघत ते मोठे झाले होते. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं, असं तिकडे कुणी ना कुणी म्हणतंच. कुणीतरी काडी ओढतं आणि बाकीचं वारा बघतो. मालकांची सवय अशी की कुठेही गेले तरी आधी हात लावून बघायचे, काय किती वाळलंय. लग्नाच्या मांडवाचं कापड, देवळातला हार, बँकेतल्या साहेबांच्या टेबलावरची फाइल. माणसांनाही हेच माप. कुणी उगाच तावातावानं बोलायला लागला की आम्हाला बाजूला घेऊन सांगायचे, "लई वाळलाय गडी. ठिणगी पडायचा अवकाश."

गोठा जळाल्यानंतर दुकान आठवडाभर बंद राहिलं. मालक रोज एसटीनं आक्काकडे जायचे आणि रोज भांडून परत यायचे. आक्का त्यांच्यापेक्षा मोठी, विधवा, डोंगराच्या उतारावर एकटी राहणारी. मुलगा पुण्याला, मुलगी शिरोळला दिलेली. चार म्हशींतल्या दोन उरल्या होत्या. मालकांचं म्हणणं, आक्कानं आता खाली शाहूपुरीत यावं. आक्काचं म्हणणं वहिनींनी मला सांगितलं ते असं : "म्हशी कुठं बांधू? तुझ्या गल्ल्याला?"

आठव्या दिवशी मालकांनी दुकान उघडलं, खुर्चीत बसले आणि वहिनींना मोठ्यानं म्हणाले, "ठरलं. माणूस खाली येत न्हाय न्हवं? मग पाणी वर न्यायचं."

"आनि दुकान?" वहिनींनी विचारलं.

"दुकान कुठं पळून चाललंय?"

वहिनी मला म्हणाल्या, "बाई, ह्या माणसाला मी पंचवीस वर्सं चा देतीया. कप कुठं ठेवलाय ते सांगता येत न्हाय त्येला. ह्यो डोंगर इझवणार."

त्यानंतरचे काही महिने मी जे सोसलं त्याला माझ्याकडे नाव नाही. मालकांनी गच्चीवर प्रयोग मांडले. शेताला पाणी देणारं नोझल आणि घर वाचवणारं नोझल यांत फरक असतो, हे मला तेव्हा कळलं. थेंब फार बारीक केला तर वारा तो उडवून नेतो, आणि वणव्याला नेहमी वारा असतोच. थेंब जाड केला तर पाणी कौलांवरून ओघळून जातं आणि टाकी बघता बघता रिकामी होते. मधला थेंब पाहिजे. तो मधला थेंब गच्चीवर शोधला जात होता आणि माझे कपडे गच्चीवर वाळत होते.

मी एकदा खाली जाऊन तक्रार केली. "मालक, माझ्या ग्रंथालयाच्या याद्या खिडकीत होत्या. सगळ्या भिजल्या."

"भिजल्या?" त्यांचा चेहरा उजळला. "कुठल्या खिडकीत? उगवतीच्या? वारं कुठनं होतं तवा?"

"मला काय माहीत!"

"चिंब झाल्या का नुसत्या दमट?"

"दमट."

"वा!" ते वहिनींकडे वळून म्हणाले, "बाईंच्या याद्या दमट झाल्या बघ. म्हंजे जमालंय."

इस्त्रीवाल्याचं तोंड हे जगातलं सगळ्यात चांगलं नोझल, असं ते म्हणायचे. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे इस्त्रीवाले होते. तोंडात पाणी घेऊन कपड्यावर फुर्र करायचे. मालक त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसायचे आणि गाणं ऐकावं तसं ते बघायचे. मग दुकानात येऊन स्वतः करून बघायचे. एकदा एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पँटवर केलं. गिऱ्हाईक शिरोळकडचं, म्हणजे पुराच्या पट्ट्यातलं, उसाचं मोठं रान असलेलं. ते भडकलं. मालक शांतपणे म्हणाले, "पावणं, रागवू नका. पाणीच हाय. तुमच्याकडं पाणी घरात येतंय, आमच्या आक्काकडं आग घरात येती. देवानं जिल्हा वाटून दिलाय, त्येला आपण काय करणार?" तो माणूस हसला आणि पाइप घेऊन गेला. पुढे दरवर्षी यायचा आणि दुकानात शिरण्याआधी दारातूनच विचारायचा, "तोंड मोकळं हाय न्हवं?"

पहिली नोझलं प्लॅस्टिकची होती. ती आगीला टिकतात का हे बघायला मालकांनी गच्चीवर पत्र्याच्या घमेल्यात पिंजर पेटवलं. समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी फोन केला आणि आगीचा बंब आमच्या दारात आला. गल्ली गोळा झाली. मी जिन्यात उभी, हातात तीन पुस्तकं, कोणती घेऊन पळावं हे ठरत नव्हतं. बंबावरची माणसं धावत वर आली, तर गच्चीवर मालक वितळलेलं नोझल चिमट्यात धरून उन्हात बघत होते. मुख्य माणूस ओरडायला लागला. मालकांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, चुकलं. पण आलाच हाय तर तुमचं नोझल जरा दावता का?"

अर्ध्या तासानं ती सगळी माणसं दुकानात चहा पीत बसली होती आणि मालकांच्या मांडीवर बंबाच्या नळीचं पितळी तोंड होतं, नातू धरावा तसं. त्या दिवसापासून प्लॅस्टिक बंद. उद्यमनगरात एका लेथवर त्यांनी पितळेची नोझलं कातून घेतली. भोक किती, आतला पीळ कसा, यावरून मिस्त्रीशी त्यांची रोज भांडणं. मिस्त्री म्हणायचे, "मालक, ह्या पैशात आक्काला नवीन गोठा बांधून झाला असता." मालक म्हणायचे, "आनि त्यो जळाला की?"

शेवटी जे उभं राहिलं ते साधं होतं. आक्काच्या घराच्या वर, डोंगरात एक झरा आहे. उन्हाळ्यात तो करंगळीएवढा होतो, पण आटत नाही. त्याचं पाणी पाइपानं एका सिमेंटच्या टाकीत. टाकी घरापेक्षा बरीच वर, म्हणजे मोटार नको, वीज नको. वणवा आला की वीज आधी जाते, हे मालक प्रत्येकाला सांगायचे. टाकीतून जाड लोखंडी पाइप खाली, आणि तिथून फाटे घराच्या आढ्यावर, वळचणीला, गोठ्यावर, पिंजराच्या गंजीभोवती. घरामागे एक मोठा कॉक. तो फिरवला की सगळीकडून एकदम पाणी. "आग घर जाळत न्हाय," ते म्हणायचे. "ठिणगी जाळती. उडत येती, कौलाखाली शिरती, वाशाला डसती. आपल्याला डोंगर इझवायचा न्हाय. ठिणगीला बसायला कोरडी जागा ठेवायची न्हाय, एवढंच."

नोझलांत डोंगराची माती आणि शेवाळ अडकायचं. ते काढायला त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरला कायम एक सुई टोचलेली असायची. लग्नाला, मयताला, बँकेत, कुठेही जा, कॉलरला सुई. कुणी विचारलं तर म्हणायचे, "हत्यार हाय."

पुढचा उन्हाळा आला, वणवे पेटले, पण त्या बाजूला काही आलं नाही. मालक बेचैन झाले. वहिनी म्हणाल्या, "आग येईना म्हणून झुरणारा माणूस बघितला काय कुठं?"

मग चैत्रात आक्काच्या गावची म्हाई आली. म्हाई म्हणजे गावदेवीची वर्षाची जत्रा, आणि त्या दिवशी प्रत्येक घरात मटण. ज्यांना बोलावलं ते येतात, त्यांच्याबरोबर ज्यांना बोलावलं नाही तेही येतात, आणि दोघांनाही ताट मिळतं. मालक, वहिनी आणि मी जीपनं गेलो. आक्काचं घर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. लाल कौलं, मागे फणस, आढ्यावर उन्हात चमकणारी पितळी नोझलं. अंगण पाहुण्यांनी भरलेलं. आक्का बारीक चणीची, काळीसावळी, आवाज मात्र आख्ख्या उताराला पुरेल असा.

"ह्या व्हय ग्रंथवाल्या बाई?" ती मला म्हणाली. "बसा की. ह्यो तुम्हाला लई भिजवतो म्हणं?"

जेवणं झाली. माणसं फणसाखाली आडवी झाली. मालक सगळ्यांना धरधरून नोझलं दाखवत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. दुपार कलायला लागली तेव्हा वरच्या धारेवर धूर दिसला. वारा आमच्याकडेच होता. मी मालकांकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. वर्षभर ज्या पाहुण्याची वाट पाहिली तो आला होता.

"कुणी पळायचं न्हाय!" ते ओरडले. "सगळ्यांनी इकडं बघा. आक्का, तू म्होरं हो. बघ आता तुझा भाऊ काय करतोय."

ते धावले नाहीत. सदरा नीट करत चालत कॉककडे गेले आणि दोन्ही हातांनी तो फिरवला.

आढ्यावरची नोझलं एकदा फुसफुसली. वळचणीच्या एका नोझलमधून ओंजळभर पाणी पडलं. मग हवेचा आवाज आला, आणि तोही थांबला.

मालकांनी कॉक आणखी फिरवला. काही नाही. फणसाखालून कुणीतरी म्हणालं, "पावणं, तुमच्या कारंज्यालाच तहान लागलीया की."

घरातली तोटी त्याच टाकीवर होती. सकाळपासून माणसांनी हातपाय धुतले होते, अंघोळी केल्या होत्या, म्हशी धुतल्या होत्या, पातेली धुतली होती. झरा करंगळीएवढा. टाकी दुपारीच संपली होती.

"आक्का, पाणी कुठं हाय?" मालकांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"पावण्यांनी घेतलं."

"तुला सांगितलं हुतं, टाकीला हात लावायचा न्हाय म्हणून!"

"म्हाईला घरात आलेल्या माणसाला पाणी नगं म्हणू व्हय रं?" आक्का म्हणाली. "त्यापरीस जळू दे की घर."

भांडायला वेळ नव्हता. पाहुण्यांनीच करंजाच्या हिरव्या फांद्या तोडल्या, पोती भिजवली, खरकट्याच्या पाण्यात, ताकाच्या हंड्यात, जे ओलं मिळेल त्यात, आणि पोटभर जेवलेली ती माणसं उतारावर चढून गवत बडवायला लागली. ज्यांनी टाकी संपवली त्यांनीच आग अडवली. वणवा ओढ्याच्या बाजूला वळला. घर राहिलं, म्हशी राहिल्या. गंजीवर मात्र एक ठिणगी आली. गंजीभोवती चार नोझलं उभी होती, आणि त्यांच्या मधोमध ती गंजी शांतपणे जळाली. मालक तिच्यासमोर उभे राहून बघत होते. वहिनी त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

पुढच्या पंधरवड्यात म्हाईला आलेल्या घरांतून आक्काकडे पिंजराचे भारे आले. कुणी डोक्यावरून आणले, कुणी ट्रॅक्टरमधून. जळालेल्या गंजीपेक्षा नवी गंजी मोठी झाली.

म्हाईच्या संध्याकाळी परतताना जीपमध्ये मालक माझ्या शेजारी बसले होते. त्यांच्या अंगाला धुराचा आणि ताकाचा वास येत होता. घाट उतरून झाल्यावर म्हणाले, "आक्काची चूक न्हाय. मी आगीचा विचार केला. पावण्यांचा केला न्हाय."

पुढच्याच आठवड्यात ते छिन्नी घेऊन टाकीवर गेले. घरच्या तोटीचा पाइप टाकीच्या तळाला होता, तो त्यांनी काढला, भोक बुजवलं आणि बरोबर निम्म्या उंचीवर नवं पाडून तिथे बसवला. वणव्याचा पाइप तळालाच राहिला. म्हणजे घरात कितीही पाणी वापरा, कितीही पाहुणे येऊ देत, टाकी निम्मी झाली की घरची तोटी आपोआप बंद. खालचं निम्मं पाणी कॉक फिरवल्याशिवाय कुणाला मिळणारच नाही. सांगायला नको, भांडायला नको, कुणाला नाही म्हणायला नको.

मी म्हटलं, "हे आधी का नाही केलंत?"

"आदी मला वाटायचं, माणसाला सांगितलं की माणूस ऐकतोय."

आक्काला ही युक्ती अजिबात आवडली नाही. टाकीत पाणी दिसतंय आणि तोटीला येत नाही, हे तिला अपमानासारखं वाटायचं. "भरल्या घरात उपाशी ठेवलंय मला," ती फोनवर म्हणायची. मालक फोन कानापासून लांब धरायचे आणि हसायचे.

मला वाटतं, माणूस म्हणूनही ते तसेच होते. वरचं निम्मं सगळ्या गल्लीला मोकळं. थट्टा, आरडाओरडा, चहा, फुकटचा सल्ला. कुणीही यावं, घेऊन जावं. खालचं निम्मं त्यांनी कुणाला दाखवलं नाही. जळालेल्या त्या दोन म्हशींबद्दल ते एकदाही बोलले नाहीत. त्यांच्या गळ्यातल्या घंटा दुकानात काउंटरखाली होत्या, हे मला वहिनींनी फार उशिरा सांगितलं.

मालक गेले ते आगीत नाही, डोंगरावर नाही. मार्गशीर्षातल्या एका सकाळी दुकानात खुर्चीत बसले होते, पुढ्यातला चहा तसाच राहिला. वहिनींना आधी वाटलं, डोळा लागलाय. मी वरून आले तेव्हा त्या त्यांच्या कॉलरची सुई काढत होत्या. "टोचंल," म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी शिरोळचे ते पांढऱ्या पँटवाले पाहुणे आले. सवयीनं दारात थांबले, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि मग चप्पल काढून आत येऊन बसले.

फाल्गुन लागला तेव्हा वहिनी वर माझ्या खोलीत आल्या. एवढ्या वर्षांत त्या क्वचितच वर आल्या असतील. "बाई, सुट्टी मिळंल काय एक दिवस?" म्हणाल्या. "नोझलं तुंबली असतील. ह्येंनी दर साली होळीआदी साफ केली."

आम्ही दोघी एसटीनं गेलो. आक्कानं शिडी लावली, मी शिडी धरली, आणि वहिनी पदर खोचून आढ्यापर्यंत चढल्या. एकेका नोझलमध्ये सुई घालून माती काढत होत्या आणि प्रत्येकाशी काहीतरी पुटपुटत होत्या. खाली ऐकू येत नव्हतं. एकदा फक्त मोठ्यानं म्हणाल्या, "किती गच्च पिळलंय मेल्यानं!" आणि मग बराच वेळ वरून माती पडली नाही. मी वर पाहिलं नाही.

चैत्रात आक्काचा फोन आला. वहिनींनी स्पीकर लावला.

"आलता," आक्का म्हणाली.

"कोन?"

"वणवा. वरनं आलता. वाऱ्यासंगं."

वहिनींनी फोन तोंडाजवळ ओढला. "मग?"

"मग काय? फिरवला कॉक. गेला की वढ्यानं खाली."

"घर?"

"घर हाय."

"म्हशी?"

"रवंथ करालीत," आक्का म्हणाली. "शिरोळची लेक आलीया, पोरांस्नी घिऊन. सकाळपास्नं घरच्या तोटीला पाणी न्हवतं बघ. पोरांच्या अंघोळी ऱ्हायल्या. लई शिव्या घातल्या मी त्येला सकाळी. आई काढली, माझीच आई की ती. आनि दुपारी..."

फोनवर लांबून पोरांचा दंगा ऐकू येत होता, आणि कुठेतरी अजून पाणी पडत असल्याचा आवाज.

"आक्का," वहिनी म्हणाल्या, "कॉक बंद कर. पाणी चाललंय."

"चालू दे जरा," आक्का म्हणाली. "बघू दे मला."

दुकान आता भाड्यानं दिलं आहे. तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. वहिनी मागे राहतात, मी वर. गच्चीवर एक पितळी नोझल आहे, त्याला पाइप नाही. सुई वहिनींच्या देव्हाऱ्यात आहे. आक्का डोंगरावरच राहते. तिच्या टाकीत आज निम्मं पाणी आहे.